फिकट निळ्याचं काम

"दोन वाट्या पेज. वर खारातलं उमेचं आंबट फळ मागून घेतलं. आणि आम्ही इथे बसलोय माशा मारत."

क्यूझो हे चेरीच्या फळीला सांगत होता. कोरताना त्याचं नाक लाकडापासून चार बोटांवर असायचं, आणि तीस वर्षांत त्याला सवयच लागली होती, मनातली सगळी गाऱ्हाणी फळीच्या कानात ओतायची. पण खोली एवढीशी, ओतोसे त्याच्या पाठीला पाठ लावूनच बसलेली. तिला ऐकू गेलं. ऐकल्याबरोबर तिच्या मनात जे आलं त्याची तिची तिलाच लाज वाटली. तिच्या मनात आलं, दोन वाट्या म्हणजे अजून दोन दिवस गेले.

पेज प्यायला होता काशिवागी तोयोनोजो. चार गल्ल्या पलीकडे, साकाइचोत, नाटकवाल्यांच्या वस्तीत तो वीस दिवस अंथरुणाला खिळून होता. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण त्याने रंगमंचावर बाईचा पाय टाकला की खऱ्या बायका आपला पाय कसा पडतो ते बघायला लागत. निम्मं एदो शहर त्याच्यासारखा अंबाडा बांधायचं आणि उरलेलं निम्मं त्या अंबाड्यांकडे बघायचं.

असा नट गेला की शहराला त्याचं शेवटचं चित्र लागतं. अंगात प्रवासाला निघाल्यासारखा फिकट निळा पोशाख, हातात मेलेल्याला वाहतात त्या शिकिमीची फांदी, वरच्या कोपऱ्यात मरणानंतर देवळाने दिलेलं नवं नाव, तारीख आणि वय. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचं चित्र दुकानात टांगलं जाईल तो जिंकला. चौथ्या दिवशी आणलं तर त्याने मासे गुंडाळावेत. म्हणून तयारी सगळेच आधी करतात, आणि करतोय असं कोणीच म्हणत नाही. चित्रकार खाली सही करत नाही, प्रकाशक मंजुरीचा शिक्का घ्यायला जात नाही. ओतोसेच्या घरात त्याला नुसतं 'निळं काम' म्हणत.

निळ्या कामाच्या पाचही फळ्या, रेषांची एक आणि बाकी रंगांच्या, केव्हाच तयार होत्या. वरच्या कोपऱ्यातली एक चौकट तेवढी क्यूझोने कोरी राखली होती. बातमी आली की अर्ध्या दिवसात नाव नि तारीख कोरायची आणि मोहेइने, म्हणजे ओतोसेच्या नवऱ्याने, छापायला बसायचं. तोवर क्यूझोला काम असं नव्हतंच. तरी तो रोज येऊन नटाच्या कानशिलावरच्या केसांच्या कडा साफ करी. एका नखाच्या रुंदीत बारा केस कोरले होते त्याने. आता त्यातून काय साफ व्हायचं होतं कोण जाणे.

खरं घोडं अडलं होतं ते कागदापाशी, आणि कागद हे ओतोसेचं खातं.

छपाईचा कागद कोरडा चालत नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्यावर पाण्याचा रुंद कुंचा फिरवायचा, तावावर ताव रचायचे, वर फळी ठेवायची. सकाळपर्यंत ओल सगळ्या गठ्ठ्यात सारखी मुरते. मग एक ताव गालाला लावायचा. थंड लागला पण ओला लागला नाही, की झालं. हे मोजायचं कुठलंही माप नाही. ओतोसेचा गाल हेच माप. मोहेइ कौतुकाने म्हणायचा, "गावात सुंदर गाल पुष्कळ आहेत, उपयोगाचा एकच." सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने केलेलं कौतुक ते एवढंच, पण ती त्यावर भागवून नेत होती.

आता भर उकाड्यात, सहाव्या महिन्यात, ओला कागद ठेवायचा म्हणजे फार तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बुरशी. म्हणजे तोयोनोजो उद्या जाणार की परवा, हे वैद्याच्या आधी ओतोसेला ठरवायला लागत होतं.

दोनदा तिने ठरवलं होतं, आणि दोनदा तोंडावर आपटली होती.

पहिल्यांदा प्रकाशकाचा मुनीम देनशिची धापा टाकत आला. पंख्याशिवाय त्याला बोलता येत नसे. पंखा फडफडवत म्हणाला, "ओतोसेबाई, तिकडची हवा जरा बदललीय हो." तिने दोनशे ताव भिजवले. दुसऱ्या दिवशी तोयोनोजो उठून बसला आणि त्याने आरसा मागितला. तिसऱ्या दिवशी कागदावर तिळासारखे ठिपके उठले.

दुसऱ्यांदा ती शहाणी झाली. भिजवले, पण बातमी फिरली म्हटल्यावर लगेच ताव दोरीवर टाकून वाळवले. आठवड्याने तेच पुन्हा भिजवून मोहेइने एक चित्र काढून बघितलं. एकदा ओला होऊन वाळलेला कागद काही पहिल्यासारखा राहत नाही. त्याने अंग बदललं होतं. निळा रंग बाहीची रेषा सोडून तांदळाएवढा बाहेर सांडला होता. मोहेइने ते चित्र खिडकीशी धरून बराच वेळ पाहिलं, मग न बोलता उभं फाडलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या वेळी आणखी एक भानगड झाली. गल्लीतल्या बायकांनी दोरीवर ताव पाहिले. टोफूवालीने फूलवालीला सांगितलं, "ओतोसेबाईंनी भिजवला!" आणि संध्याकाळच्या आत कोणीतरी भाबडा जीव साकाइचोत जाऊन तोयोनोजोच्या दारात, मेलेल्यासाठी लावतात तशा, उदबत्त्या लावून आला. तोयोनोजो आत बसून गार नूडल्स खात होता.

तेव्हापासून ओतोसेला बादली उचलायची चोरी झाली. विहिरीवर गेली तरी चार माना वळत.

"कपडे धुवायचेत हो," ती म्हणायची.

"हो का?" बायका म्हणायच्या, आणि तिच्या बादलीकडे बघत राहायच्या.

आता उरला होता एचिझेन प्रांतातून आलेला शेवटचा गठ्ठा. दोनशे ताव, जाड, सायीसारखे. देनशिची काल येऊन सांगून गेला होता. "मालक म्हणाले, ह्या वेळी कागद नासला तर फळ्या उचलून त्या दुसऱ्या छापणाऱ्यांकडे, र्योगोकूवाल्यांकडे द्यायच्या. आणि एकदा फळ्या गेल्या की पुढचं काम काही मागे राहत नाही, बाई. ते पण फळ्यांच्या पाठोपाठ जातं."

"अहो, पण वैद्य नक्की काय म्हणाले?"

"म्हणाले, आता पथ्य नको. मागतील ते खाऊ द्या."

मागतील ते खाऊ द्या म्हणजे काय ते पोरालाही कळतं. आणि आज ह्या गृहस्थाने दोन वाट्या पेज मागितली.

ओतोसे उठली. कुंचा पाण्यात बुडवला, बाहेर काढला, झटकला, पुन्हा खुंटीला अडकवला. सकाळपासून हे चौथ्यांदा. गठ्ठ्याच्या वरचा ताव गालाला लावून पाहिला. कोरडाच होता. कोरडाच असणार! तिने स्वतःलाच एक शिवी दिली.

भिंतीवर मोहेइने काढलेलं पहिलं, चांगलं चित्र लावलेलं होतं. त्यातला निळा खांद्यापाशी पहाटेच्या आभाळाइतका फिका, आणि खाली घोळाकडे हळूहळू गडद होत गेलेला. हा उतार फळीत कोरलेला नसतो. मोहेइ ओल्या फळीवर रंगाचा कुंचा एका बाजूने ओढतो, तेवढ्यात तो साधतो किंवा फसतो. आणि पांढऱ्या गळपट्टीवर बिनरंगाची नक्षी, नुसत्या कोपराच्या दाबाने उठवलेली. समोरून बघितलं तर पांढरं. मान तिरकी केली तर लाटाच लाटा. विकत घेणाऱ्या शंभरांत दोघेजण मान तिरकी करतात. मोहेइ त्या दोघांसाठी कोपर झिजवतो. असल्या घाईच्या, बिनसहीच्या कामात ती नक्षी कोणी मागितलीही नव्हती.

त्या चित्राकडे बघताना ओतोसेला रोज वाटायचं, इतकं सुंदर आहे, आता बाहेर पडायला हवं. आणि बाहेर कधी पडेल ते आठवलं की ती नजर दुसरीकडे वळवायची. हा असा जीव टांगणीला लागून वीस दिवस झाले होते. गंमत म्हणजे तो टांगलेला दुसऱ्याच्या जिवाला.

"मी जाऊन येते," ती एकदम म्हणाली.

"कुठे?" मोहेइ निळा खलत होता. तो रोज ताजा खलायचा आणि रोज संध्याकाळी टाकून द्यायचा.

"साकाइचोला. भेटून येते."

"तू जाऊन करणार काय? नाडी बघणार?"

"कागदात ओल किती ते मला गालाने कळतं. माणसाचं काय वेगळं असतं?"

"माणसाला वर फळी ठेवून मुरवत नाहीत," मोहेइ म्हणाला. पण नको म्हणाला नाही. निळा खलायचा थांबला मात्र.

क्यूझोने फळीवरून नाक उचललं. "वहिनी, जाताच आहात तर एक काम होतं."

"बोला."

"देवळाचं नवं नाव असतं ना... ते किती अक्षरी असेल, तेवढं. मी चौकट सात अक्षरांची ठेवलीय. नऊ निघाली तर माझी पंचाईत होईल."

"ते मी कोणाला विचारू, क्यूझोभाऊ? त्यांनाच?"

"तसं नाही हो. आडून आडून."

"आडून आडून कसं विचारतात ते मला आधी शिकवा, मग जाते."

क्यूझोने परत नाक फळीला लावलं.

तिने वाटेत एक खरबूज घेतलं. खरबूज निवडतानाही तिचा हात सवयीने त्याला गालाशी नेत होता. विकणारा बघायला लागला तेव्हा तिने ते खाली घेतलं.

तोयोनोजोच्या दारात चपलांची रांग होती. त्याची धाकटी बहीण ओरिकु दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती. "आज बरंच बरं आहे. नवव्या महिन्याच्या नाटकापर्यंत उठून बसतील." पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळं, आणि तोंडावर हसू असं की खिळ्याने ठोकलंय.

"मी हामाचोहून आले, ताई. मोहेइ छापणाऱ्याच्या घरची. पंखे छापतो आम्ही." हे खोटं नव्हतं. पंखेही छापत.

"या ना. दादाला माणसं आवडतात."

आत बांबूच्या चिकाआडून वारा येत होता. मासळीबाजारातले दोघे भक्त नुकतेच उठत होते. "चेहऱ्यावर काय तेज आलंय!" एक म्हणाला. "पूर्वीपेक्षाही!" दुसरा म्हणाला. दोघेही दाराकडे पाठ करून, वाकत वाकत, जवळजवळ पळालेच.

तोयोनोजोच्या कपाळाला जांभळी पट्टी बांधलेली होती. नाटकात आजारी माणसाला बांधतात तशी, गाठ डावीकडे. खऱ्या आजारात ती कोणी बांधत नाही. पण आजारी पडायचं कसं हे तो रंगमंचावरच शिकला होता, दुसरी रीत त्याला ठाऊक नसावी. चेहरा लहान झालेला. हात पांघरुणावर ठेवलेले, बोटं मिटून, बाईची.

ओतोसेने पाहिलं, आणि तिच्या गालाला कळायचं ते कळलं. आणि नेमकं हवं होतं ते मात्र कळलं नाही. जाणार. पण उद्या, की पाच दिवसांनी? कागदासारखं ह्या माणसाला हातात घेता येत नव्हतं.

"मला कधी पाहिलंत का?" त्याने विचारलं. आवाज बारीक, पण शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू येणारा.

"पाहिलंय. पंधरा वर्षांची होते. सगळ्यात स्वस्त जागा, रंगमंचाच्या मागची."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर तुमची पाठ पाहिली. चेहरा मी चित्रातच बघितला, मास्तर."

तोयोनोजो हसला. हसताना खोकला आला. ओरिकु धावली, त्याने हाताने तिला थोपवलं.

"पाठ! अगं ओरिकु, ऐकलंस का? सगळ्यात जास्त मेहनत मी पाठीवर घेतली. समोरून काय, रंग लावला की कोणीही बाई होतो. मागून फसवता येत नाही. चाळीस वर्षांत कोणी पाठीबद्दल बोललं नव्हतं मला." मग म्हणाला, "चित्रात पाठ काढत नाहीत ना?"

"नाही काढत."

"तेवढी एक चूकच आहे तुम्हा लोकांची."

ओरिकुने खरबूज कापायला घेतलं. तोयोनोजोची नजर ओतोसेच्या मांडीवर आली. तिने हात बाहीत ओढले, पण उशीर झाला होता. मोहेइचा खल रोज तीच विसळायची. नखांच्या कडांना निळं होतं.

"हल्ली काय छापता?"

"पंखे. फुलं. आसागाओची फुलं, उन्हाळ्याची."

"आसागाओ गडद असतो." तो अजून बोटांकडेच बघत होता. "चाळीस वर्षं पोशाख नेसतोय मी, बाई. हा निळा फुलांचा नाही."

ओरिकु खरबुजाच्या आधीच पातळ केलेल्या फोडी आणखी पातळ करत होती.

"माझे गुरू गेले," तोयोनोजो म्हणाला, जणू विषय बदलतोय, "तेव्हा त्यांचं नाक वांग्यासारखं काढलं होतं. तारीखही चुकीची. एक दिवस आधीची. म्हणजे गुरुजी त्या तारखेला घरात जेवत होते आणि चित्रात गेलेले. गुरूमाय बाकी कशाला रडल्या नाहीत, त्या नाकाला रडल्या."

"दादा, हे काय अभद्र," ओरिकु म्हणाली. "फोड खा. नवव्या महिन्यात तुला परत त्या निळ्या... त्या लाल पोशाखात उभं राहायचंय. कपडेवाल्यांना मी माप पण पाठवलंय."

"कोणाचं माप पाठवलंस? आरशात मी बघितलं, त्या मापाचा माणूस इथे नाही."

"दोन वाट्या पेज घेतलीस आज. अंग भरेल."

"दोन वाट्या तू मोजत होतीस म्हणून घेतल्या." त्याने मान उशीवर वळवली आणि ओतोसेकडे पाहिलं. "बघितलंत? वीस दिवस हे असं चाललंय. मी एक वाक्य टाकतो, आणि समोरचा भलत्याच नाटकातलं वाक्य बोलतो. वैद्य आला तर हवेबद्दल बोलतो. मासळीवाले तेज आलं म्हणतात. मध्यंतरी दारात कोणी उदबत्त्या लावून गेलं. मला वाटलं, चला, निदान एकाला तरी संवाद पाठ आहेत. तर हिने त्या डास जातात म्हणून लावल्यात म्हणून सांगितलं. सहा उदबत्त्या! एवढे डास?"

ओरिकुच्या तोंडावरचं हसू हललं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी त्या हसण्यावर उतरलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण पुसलं तर ते आहे असं झालं असतं.

ओतोसेच्या मनात एकाच वेळी दहा गोष्टी धावत होत्या. घरी खलात निळा वाळत असेल. ऊन कलायला आलंय. आज भिजवायचं असेल तर आता उठायला हवं. नाही भिजवला आणि हा रात्रीत गेला तर र्योगोकूवाले उद्या दुकानात चित्र टांगतील, आणि फळ्या जातील, आणि फळ्यांमागून मोहेइचं कोपर, क्यूझोचे बारा केस, सगळंच. भिजवला आणि हा राहिला तर तेच. नाकाचं सांगावं का? नाक चांगलं आहे, वांगं नाही. सांगितलं तर कळेल की चित्र आहे. पण त्याला कळलंच आहे. ओरिकुलाही. दारातल्या त्या मासळीवाल्यांना, विहिरीवरच्या बायकांना, देनशिचीला, त्याच्या पंख्याला. उभ्या शहरात ही गोष्ट ठाऊक नसलेला एक माणूस शोधून सापडला नसता, आणि सगळेजण मिळून ती ह्या एका माणसापासून लपवत होते, ज्याची ती होती.

तोयोनोजो बघत होता. ती नजर तिने कधी पाहिली नव्हती, कारण तिने त्याला समोरून पाहिलंच नव्हतं. समोरच्या नटाने पुढचं वाक्य उचलावं म्हणून थांबलेली ती नजर. न चिडता थांबलेली. पण फार वेळ थांबता येणार नाही असंही त्यात होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही माझी प्रकृती विचारायला आला नाहीत."

"नाही."

"मग कशाला आलात?"

ओरिकुने सुरी खाली ठेवली आणि मान हलवून नको म्हटलं. अगदी थोडीशी. ओतोसेने ते पाहिलं. तिने बाहीतून हात बाहेर काढले, निळ्या नखांसकट गुडघ्यांवर ठेवले, आणि चटईवर वाकून नमस्कार केला. मग मान वर करून, तोंडावर कुठलंही हसू न लावता, ती म्हणाली,

"तुम्ही मरताय, मास्तर. मी कागद कधी भिजवू?"